चाळीस पाळणे

मांडवगण फराट्याच्या रस्त्याला शेखलालमामांचं गॅरेज आहे आणि गॅरेजवर पाटी आहे, ‘येथे बोअर करून मिळेल’. आमच्या भागात बोअर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, ती म्हणजे जमिनीला पाडलेलं भोक आणि त्यातून न आलेलं पाणी. इंजिनच्या सिलिंडरलासुद्धा बोअर करतात, आतून घासून त्याचं तोंड मोठं करतात, हे ज्याची गाडी धूर सोडायला लागलीय त्यालाच माहीत. त्यामुळे वर्षातून दोन-चार शेतकरी तरी पाटी वाचून आत येतात आणि खाटेवर बसून विचारतात, “मिस्त्री, किती फुटांपर्यंत जाता?”

“लई लई तर अर्धा मिलीमीटर,” मामा सांगतात.

“अर्ध्यात पाणी लागतं?”

“लागलं तर इंजिन गेलं म्हणायचं.”

मग चहा होतो, ओळख निघते आणि तो शेतकरी जाताना आपल्या मोटारसायकलची चेन घट्ट करून घेतो. पाटी बदला, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. बदलू कशाला, चांगली माणसं येत्यात की, असं त्यांचं म्हणणं. वर गंमत अशी की बोअर ‘येथे’ होतच नाही. ते यंत्र दौंडला ज्ञानदेव लेथवाल्यांकडे आहे. मामा सिलिंडर कापडी पिशवीत घालून एसटीने दौंडला जातात, काम होईपर्यंत ज्ञानदेवांच्या समोर बसून राहतात आणि पिशवी मांडीवर घेऊन परत येतात. म्हणजे पाटीवरचे चारही शब्द धड नाहीत. तरीही शिरूरपासून दौंडपर्यंत मला कोणावर विश्वास ठेवायला सांगितलं, तर मी याच माणसावर ठेवीन. का, ते सांगायलाच बसले आहे.

आधी माझं सांगते. मी अनिता, वडगाव रासाईची, पोस्टात आहे. दोन वर्षांची असताना पोलिओने उजवा पाय नेला. काखेत कुबडी असते आणि बुडाखाली स्कूटर. बिनगिअरची, जुनी, मागे दोन बाजूंना दोन जादा चाकं बसवलेली. अनिता स्वभावाने तिखट आहे, असं लोक म्हणतात. लोकांचं बरोबर आहे.

गेल्या वर्षी माझी बदली नदीपलीकडच्या वाडीच्या पोस्टात झाली. भीमेवरचा बंधारा ओलांडला की दौंड तालुका लागतो, आणि तालुका लागल्या लागल्या चढ लागतो. लांबी फार नाही, दीडशे पावलं असेल, पण उभा. मोटारसायकली तो हसत चढायच्या. माझी स्कूटर तीन जादाच्या गोष्टी वाहून न्यायची: दोन चाकं आणि मी. अर्ध्या चढावर ती कण्हायला लागायची आणि मग थांबायची. दुसऱ्या रस्त्याने वर यायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा होता.

मग लोक मला ढकलायचे. कोणी ना कोणी असायचंच: दूधवाला, ऊसतोडीची माणसं, कॉलेजची पोरं. यात सगळ्यांत पुढे हौसरावआप्पा, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचं रान चढाच्या वरच्या अंगाला. सकाळी नऊला ते चढाच्या पायथ्याशी उभेच. “आली का आमची पोस्टाची ताई! थांब, हात लावतो,” असं म्हणून दोन्ही हात मागच्या चाकांच्या नळीवर. माणूस सोन्यासारखा आहे, याबद्दल शंका नाही. पण एकदा त्यांनी मला ढकलतानाचा फोटो पुतण्याकडून काढून घेतला आणि स्टेटसला ठेवला. खाली ओळ होती, ‘सेवा हाच धर्म’. त्या फोटोत आप्पांचा चेहरा दिसत होता. माझी फक्त पाठ.

तुम्ही म्हणाल, मदतच करत होते ना! होय. पण रोज सकाळी कामावर जाताना तुमच्या पाठीला कोणी तरी हात लावावा आणि तुम्ही त्याचे आभार मानावेत, हे सहा महिने करून बघा. मी वर पोहोचायचे तेव्हा आधीच दमलेली असायचे, आणि गाडीवर बसून माणूस कशाने दमेल! रागाने दमायचे.

घरी भावाचं, रविराजचं, एकच पालुपद होतं. “सोड ती नोकरी. घरात काय कमी हाय का?” घरात काही कमी नव्हतं, हीच तर अडचण होती. सगळं भरलेलं असलेल्या घरात मी कोपऱ्यात बसून काय करणार? शेवटी मीही चिडून सांगून टाकलं, की एक तर मी तो चढ माझी माझी चढेन, नाही तर राजीनामा देईन. राजीनामा लिहूनही ठेवला. टपालखात्याची नोकरी, पाकिटाला तोटा नव्हता.

नवी बॅटरीवाली घे, असं सगळ्यांनी सुचवलं. शिरूरच्या दुकानदाराला चढ दाखवायला आणलं. त्याने चढ पाहिला, माझी जादा चाकं पाहिली आणि म्हणाला, “मॅडम, याची गॅरंटी आम्ही नाही देणार.” प्रामाणिक माणूस. मग मी शेखलालमामांकडे गेले.

मामा बासष्टीचे, बारीक, पांढरी दाढी, कानामागे कायम पेन्सिल. त्यांचे वडील नदीकाठच्या ऑइल इंजिनांची कामं करायचे. तेव्हा विहिरीवर आणि नदीवर अशी पन्नास-साठ इंजिनं धडधडायची, आणि त्यांतलं एखादं बंद पडलं की वडील जेवता जेवता विचारायचे, “शेखलाल, कुणाचं ग्येलं?” आणि मामा नुसत्या आवाजावरून शेतकऱ्याचं नाव सांगायचे. पुढे विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात गेली. मामा तीन महिने पुण्यात एका मोठ्या गॅरेजात राहून आले आणि परत आले. तिथं काय आयकूच येत न्हाई, एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

त्यांनी माझी स्कूटर सुरू केली. लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर लोक मानेवर नळी लटकवून हेच करतात, फक्त पैसे वेगळे घेतात.

“ताकद हाय,” ते म्हणाले. “दम न्हाई.”

“दोन्ही एकच ना, मामा?”

“येक कसं? बैल धा वाजता नांगर वढतो ती ताकद. शेवटच्या तासाला वढतो त्यो दम. तुमच्या गाडीचा दम चढाच्या निम्म्यात सरतो.” मग पेन्सिल काढली. “ताई, वजन किती तुमचं?”

“बायकांना वजन विचारत नसतात.”

“म्या बायला न्हाई, इंजिनाला इचारतोय.”

मी अठ्ठावन्न सांगितलं. त्यांनी खाली वाकून माझ्या टायरकडे पाहिलं आणि वहीत पासष्ट लिहिलं. एक किलोने चुकले.

दुसऱ्या दिवशी मामा चढ बघायला आले. पाण्याने भरलेली गवंड्याची नळी आणली होती, तिने चढ मोजला. पावलं मोजली. मध्येच एके ठिकाणी बसले आणि मातीवर हात ठेवून म्हणाले, “हितं दम तुटतो न्हवं?” बरोबर तीच जागा. आप्पा तिथेच होते. त्यांनी विचारलं, “काय मिस्त्री, रस्ता करताय का?” मामा म्हणाले, “न्हाई. रस्ता हाय तसाच ऱ्हाणार.”

मग स्कूटर उघडली गेली. मामांची इंजिन खोलण्याची एक रीत आहे. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर ते मिसळणाच्या डब्यात घालतात, वाटीवाटीत वेगळे. हळदीच्या वाटीत हेडचे नट, जिऱ्याच्या वाटीत कार्बोरेटरचे. डबा अर्थातच जन्नतबीमामींचा. एकदा त्यांच्या आमटीत एक बारीक स्प्रिंग निघाली होती म्हणे. ती कोणत्या गाडीची, हे मामांनी ताटावरच ओळखलं.

माझ्या इंजिनचं सिलिंडर पिशवीत बसून दौंडला गेलं. बोअर मोठा झाला, त्यात जाड पिस्टन आला. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी भोकं मामांनी चार दिवस कागदाने घासून आरशासारखी केली. मागच्या डब्यातले रोलर बदलून हलके टाकले, म्हणजे चढावर इंजिन कुंथण्याऐवजी मोकळं फिरेल. हे कायद्यात बसतं का, असं मी विचारलं, शेवटी मी सरकारी माणूस. “पिस्टन कंपनीचाच हाय, दोन नंबर मोठा,” मामा म्हणाले. “माणूस सुटला की मोठ्या मापाचा सदरा घालतो, तेवढाच गुन्हा.”

आता चूक सांगते. ही चूक जगात दुसरीकडे कुठे झाली असेल, असं मला वाटत नाही.

गाडी तयार झाली त्याच दिवशी मामांची मुलगी आयेशा दौंडला दवाखान्यात भरती झाली. पहिलटकरीण. मामा आणि मामी मिळेल त्या गाडीने दौंडला गेले. गाडी माझ्या दारात आणून टाकली ती त्यांच्या मुलाने, आरिफने. तो रांजणगावला कंपनीत आहे, सुट्टीवर आला होता. गाडी उतरवली, किल्ली दिली आणि तोही दौंडला पळाला. हँडलला सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर मामांच्या पेन्सिलीने लिहिलं होतं:

‘४० पाळणे. बाळंतीण समजणे.’

मी दोनदा वाचलं. बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळतात हे मला माहीत होतं. आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात, त्यांच्याकडे चाळीस दिवस, हिशेब एकच. पण स्कूटरचे चाळीस दिवस? खात्री करायला म्हणून मी मामांना फोन लावला. फोन उचलला जन्नतबीमामींनी. मागे दवाखान्याचा गलका.

“मामी, मी अनिता. कशी आहे आता?”

“झ्याक हाय गं बाई! अल्लाची कृपा. लई तरास झाला, पर सुटली येकदाची.”

मला वाटलं, इंजिन सुटायला त्रास झाला असेल.

“मग आता पुढं कसं करायचं?”

“काय न्हाई. चाळीस दिस भायेर काढायचं न्हाई. वारं लागू द्यायचं न्हाई. कान बांधून ठिवायचं. आन् सकाळ-संध्याकाळ धुरी द्यायची, इसरायचं न्हाई.”

“धुरी?”

“मंग! धुरी बिगर अंग बसतंय व्हय? बरं, ठिवते, डॉक्टरीण आली.”

हसा. मीही आता हसते. पण त्या दिवशी मला सगळं स्वच्छ कळल्यासारखं वाटलं. मी स्कूटर गोठ्याशेजारच्या पडवीत, भिंतीकडेला घेतली. वरून गोधडी टाकली. कान म्हणजे काय, यावर थोडा विचार केला आणि दोन्ही आरशांना ओढणी बांधली. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं इंजिन सुरू करून धूर येऊ द्यायचे. धुरी. रविराज म्हणाला, “हे काय खूळ?” मी म्हणाले, “मिस्त्रीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.” चाळीस दिवस तोच मला मोटारसायकलवर पोस्टात सोडायचा, आणि सोडताना रोज म्हणायचा, “राजीनामा कवा टाकतीस?”

मध्ये दोनदा वाटलं, मामांना पुन्हा विचारावं. विचारलं नाही. पुन्हा पुन्हा विचारणं मला येतच नाही. विचारलं की समोरचा जवळ येतो, हात लावतो, समजावतो. मला कोणी समजावलेलं सोसत नाही. हा माझा दोष आहे आणि त्याची किंमत मीच मोजली.

एक्केचाळिसाव्या दिवशी गोधडी काढली, ओढणी सोडली, गाडीला हळदकुंकू लावलं आणि निघाले. बंधाऱ्यापर्यंत चार किलोमीटर गाडी अशी पळाली की काय सांगू! चढाच्या पायथ्याशी आप्पा आणि पाच-सहा माणसं. मी लांबूनच ओरडले, “आप्पा, बाजूला व्हा!” आणि मूठ पूर्ण पिळली. गाडी उडाली. दम तुटायची जागा मागे पडली. माझ्या तोंडून आरोळी बाहेर पडली, आनंदाची. अजून तीस पावलं राहिली होती.

आणि इंजिन थांबलं. कण्हलं नाही, कुरकुरलं नाही. दार लावून घ्यावं तसं थांबलं. जळका वास आला. मी ब्रेक धरून तिथे टांगलेली राहिले, पाय खाली टेकवायची सोय नाही, कुबडी मागे बांधलेली. मग मागून धावत येणारी पावलं आली आणि आप्पांचा आवाज आला, “घाबरू नको पोरी, हात लावतो.”

लावले त्यांनी हात. वर नेलं आणि पोस्टाच्या दारापर्यंत ढकललं. पोस्टात गेले, दार लावलं आणि आधी रडून घेतलं. घरी येऊन रविराजला सांगितलं, पुढच्या एक तारखेला राजीनामा टाकते. रोजचं ‘कवा टाकतीस’ त्याने त्या दिवसापासून बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं.

टेम्पोत घालून स्कूटर मांडवगणला नेली. मामा आदल्याच दिवशी दौंडहून आयेशाचा चाळिसावा दिवस करून आले होते. मी खाली उतरायच्या आधीच सुरू केलं. हेच का तुमचं काम, हीच का तुमची जबान, चाळीस दिवस तुम्ही सांगितलं तसं सांभाळलं आणि चार किलोमीटरमध्ये जाम! गॅरेजात दोन गिऱ्हाइकं होती, ती उठून बाहेर गेली. मामा ऐकत राहिले. मग मीटरकडे बघितलं.

“ताई, म्या दिली तवापासनं फकस्त चार किलोमीटर?”

“मग! चाळीस दिवस बाहेर काढू नका म्हणून तुम्हीच सांगितलं ना!”

“म्या?”

“चिठ्ठीत. आणि फोनवर मामींनी. वारं लागू देऊ नका म्हणाल्या. कान बांधा म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ धुरी...”

मामी आत भाकऱ्या थापत होत्या. थापणं थांबलं. मग त्या पिठाच्या हातांनीच दारात आल्या. “या अल्ला! आगं, म्या आयेशाचं सांगत व्हते!”

आणि जी हसायला लागली ती बाई! दाराला धरून हसली, खाली बसून हसली. “गाडीला धुरी दिली हिनं!” बाहेर गेलेली दोन गिऱ्हाइकं परत आत आली. मलाही हसू फुटायला लागलं होतं, पण राग अजून ताजा होता, म्हणून मी ते दाबून धरलं.

मामा हसले नाहीत. त्यांनी तो पुठ्ठा मागितला, बराच वेळ वाचला. “चाळीसच्या स्पीडच्या वर जाऊ नका, आसं लिव्हायचं व्हतं मला,” ते हळू म्हणाले. “नवा पिस्टन असतो तवा सगळं आवळ असतं. रोज हळूहळू चालवून बसवावं लागतं. म्हणून म्हनलं, बाळंतिणीगत जपा. तुमी ती घरात बसवली आन् येकदम डोंगुर चढायला लावलात.” मग पुठ्ठा फाडून त्याचे चार तुकडे केले. “चूक माझी हाय, ताई. माझ्या डोक्यात त्या दिशी आयेशा व्हती, त्ये गाडीवर लिव्हलं ग्येलं.”

खरं तर निम्मी चूक माझी होती. मी ते तेव्हा बोलले नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून बोलले, आणि फोनवर आधी मामाच आहेत ना, याची खात्री करून घेतली.

“राजीनामा किती तारखेला हाय?” मामांनी विचारलं.

“एक तारखेला.”

“त्यो येक महिना म्होरं ढकला. मला येवढं ढकलू द्या.”

ढकलणं हा शब्द माझ्याशी बोलताना कोणी वापरत नाही, भितात. मामांनी वापरला आणि मला राग आला नाही. मी हो म्हणाले.

पिस्टनला ओरखडे पडले होते. सिलिंडर पुन्हा पिशवीत बसलं, पुन्हा दौंड, पुन्हा ज्ञानदेव, आणखी एक माप मोठा पिस्टन. “आता याच्या म्होरं जागा न्हाई,” मामांनी बजावलं. “भित पातळ झाली. ह्यो बिघडला तर सिलिंडर भंगारात.” या वेळी गाडी द्यायला ते स्वतः आले. चिठ्ठी लिहिली नाही. समोर बसवून तोंडी सांगितलं आणि माझ्याकडून म्हणून घेतलं, शाळेत म्हणून घेतात तसं. रोज चालवायची. चाळीसच्या वर न्यायची नाही. चढावर घालायची नाही. साडेसातशे किलोमीटर झाले की सांगायचं.

साडेसातशे किलोमीटर! माझ्या घरापासून बंधाऱ्यापर्यंत चार. पोस्टात रविराज सोडणार. मग मी एवढे किलोमीटर आणायचे कुठून?

तर मी भटकले. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात कामाशिवाय घराबाहेर पडले नव्हते, ती आता गाडी बसवायची म्हणून रोज संध्याकाळी आणि दर रविवारी रस्त्यावर. शिरूरच्या बाजारात गेले, काहीही न घेता परत आले. केंदूरला मावशी आहे, तिच्याकडे न कळवता जाऊन थडकले. ती आधी घाबरली, कोण वारलं म्हणून. चाळीसच्या वेगाने जाताना लोक काय काय बोलतात, तेही ऐकलं. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन माझ्या पुढे गेला आणि त्याच्या ड्रायव्हरने मला हात करून दाखवला, या या, असा. मी मूठ पिळली नाही. आयुष्यात एवढा संयम मी नवस बोलूनही पाळला नसता.

एका रविवारी दौंडला आयेशाकडे गेले. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “आनितादिदी, याचं पन चाळीस झालं बरं का. आता भायेर काढला तरी चालतंय.” आणि दोघी इतक्या हसलो की बाळ दचकून रडायला लागलं. परत येताना अंधार पडायच्या आत पोहोचायचं म्हणून सपाट्याने निघाले, म्हणजे चाळीसने. रस्ता मोकळा होता, इंजिन एका सुरात चाललं होतं. चार तासांत मला कोणी हात लावला नव्हता, आणि हे माझ्या लक्षात घराच्या दारात आलं.

साडेसातशे झाले तेव्हा राजीनाम्याला सहा दिवस उरले होते. मामांना कळवलं. सकाळी साडेआठला ते बंधाऱ्यावर हजर. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. मग त्यांनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही.

आप्पा होतेच. मामा त्यांना म्हणाले, “चेअरमन, हात खिशात.”

“न्हाई, म्हंजी पुन्यांदा मधीच...”

“मधीच थांबली तर म्या हाय. तुमचं हात खिशात.”

मी निघाले. या वेळी ओरडले नाही, मूठही पूर्ण पिळली नाही. हळू, एका दमात. ती जागा आली. इंजिनचा आवाज जाड झाला, मला वाटलं, झालं. पण आवाज जाड झाला तसाच राहिला, तुटला नाही. नंतरची तीस पावलं मी मनात मोजली. तिसावं पाऊल झालं आणि पुढचं चाक सपाटीला लागलं.

मी वर होते. मागे कोणी नव्हतं.

खाली बघितलं तर मामा हाताने बोलावत होते, खाली या. मी वळून खाली आले. शाबासकी देतील, असं वाटलं होतं.

“येकटं चढलं त्यात काय!” मामा म्हणाले. “पोस्टाची पोती येत्यात, पार्सलं येत्यात. मागं वझं टाकून बघितल्याबिगर म्या काम झालं म्हणत न्हाई.” त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. वाळूचं पोतं नव्हतं, दगड नव्हते. मग त्यांची नजर आप्पांवर थांबली. “चेअरमन, किती किलो?”

“मी? नव्वद... शंभराच्या आत हाय.”

“बसा.”

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. माणूस गोंधळला होता. सहा महिने माझ्या गाडीच्या मागे त्यांची जागा ठरलेली होती, आणि ती सीटवर नव्हती. मी म्हणाले, “बसा आप्पा. घट्ट धरा.”

ते बसले. गाडी मागून खाली दबली, जादा चाकं कुरकुरली. मी मूठ पिळली. गाडी हळूहळू, पण निघाली. निम्म्यात आवाज एवढा जाड झाला की अंगातून जायला लागला. वेग पायी चालल्यासारखा. आप्पा कानाशी म्हणाले, “उतरू का गं?”

“गप बसा.”

“नुसता हात लावतो...”

“आप्पा, बसा म्हटलं ना!”

ते गप्प बसले. त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं, पडायच्या भीतीने, मागे बसलेला कोणीही धरतो तसं. पंधरा पावलं. दहा. पाच. पुढचं चाक सपाटीला लागलं आणि गाडीने मोकळा श्वास सोडला.

“हितंच सोड,” आप्पा म्हणाले. उतरले, धोतर झटकलं. “बरं झालं बाई, गुडघं लई दुखत व्हतं आज. रानात पाणी सोडलंय, बघतो.” आणि बांधावरून चालायला लागले. मोटारीच्या फ्यूजबद्दल स्वतःशीच काही तरी बोलत होते. ऊस हलला आणि ते दिसेनासे झाले.

मी गाडी चालू ठेवून तिथेच बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हते, कारण बघायला कोणी नव्हतं. किती चांगलं वाटत होतं, ते मला नीट सांगता येत नाही.

मग खाली आले. मामा बंधाऱ्याच्या कठड्यावर बसून हात पुसत होते.

“काय वास-बिस आला का जळाल्यागत?”

“नाही.”

“आवाज तुटला?”

“नाही.” मग मी सांगितलं, “मामा, आप्पा उतरले आणि सरळ निघून गेले. पाणी सोडलंय म्हणाले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.”

मामांनी फडकं खिशात घातलं.

“मंग झालं काम,” ते म्हणाले.